शब्दांचे अरण्य, प्रकाशाचे अरण्य

विल्यम शेक्सपिअर हा इंग्लंडचा थोर नाटककार १५६४ साली जन्मला आणि १६१६ साली निधन पावला. त्याच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ साली, त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची नाटके एका मोठ्या ग्रंथात एकत्र छापली. त्या ग्रंथात नाटकांचे तीन वर्ग पाडलेले आहेत : सुखात्मिका, ऐतिहासिक नाटके आणि शोकात्मिका. ज्या नाटकाचा शेवट आनंदात होतो ती सुखात्मिका. अशा चौदा सुखात्मिका त्या ग्रंथात आहेत.

सुखात्मिका म्हटली की तीत केवळ थट्टामस्करी असावयाची, असे पुष्कळांना वाटते. शेक्सपिअरच्या सुखात्मिकांचा आरंभ मात्र बहुधा संकटाने होतो. कोणा मुलीला बापाच्या हट्टापायी घर सोडावे लागते, कोणाला सख्खा भाऊ देशोधडीला लावतो, कोणाचे गलबत तुफानात फुटते. घरादाराला मुकलेली ही माणसे एखाद्या अरण्यात किंवा अनोळखी नगरात येऊन पडतात. तेथे वेषांतरे होतात, एकाला दुसरा समजून घोटाळे होतात आणि हशा पिकतो. अखेरीस हरवलेली माणसे एकमेकांना सापडतात, रुसवे मिटतात आणि सर्वजण घराची वाट धरतात.

ही नाटके ज्या रंगभूमीसाठी लिहिली गेली ती आजच्यासारखी नव्हती. लंडनमधील सार्वजनिक नाटकगृहांचे मधले अंगण उघडे असे व खेळ दिवसाउजेडी होत. विजेचे दिवे नव्हते, देखावे रंगविलेले पडदे नव्हते आणि स्त्रियांच्या भूमिका मुलगे करीत. मग भर दुपारच्या उन्हात, उघड्या फळ्यांच्या रंगमंचावर, चांदणी रात्र आणि घनदाट अरण्य दाखवावयाचे कसे? शेक्सपिअरने हे काम शब्दांवर सोपविले. पात्र बोलू लागले की प्रेक्षकांच्या मनात चंद्र उगवे, दव पडे, रानफुलांचा वास सुटे. अरण्य रंगमंचावर नसे. ते ऐकणाऱ्याच्या मनात उभे राही.

विसाव्या शतकात चित्रपटाची कला बहरली आणि हा प्रश्न अगदी उलटा झाला. कॅमेऱ्यापुढे खरे झाड उभे करता येते, ओढ्याचे खरे पाणी वाहते दाखविता येते. मग त्यांचे वर्णन करणाऱ्या शब्दांचे काय करावे? दोन्ही ठेवावे तर एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी होते. शब्द गाळावे तर ज्याच्यासाठी एवढा खटाटोप करावयाचा तो शेक्सपिअरच हरवतो. त्याच्या सुखात्मिका पडद्यावर आणणाऱ्या प्रत्येक दिग्दर्शकाला हा पेच सोडवावा लागला.

आरंभीच्या मूकपटांना हा पेच पडला नाही, कारण त्यांना वाणीच नव्हती. अमेरिकेत १९०९ साली ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या नाटकावर आणि १९१० साली ‘ट्वेल्फ्थ नाइट’ या नाटकावर मूकपट निघाले. ते काही मिनिटांतच संपत. नटांचे हावभाव आणि मधून मधून पडद्यावर येणाऱ्या लिखित ओळी यांवरच सारी कथा उरकावी लागे.

पुढे चित्रपट बोलू लागला. १९२९ साली ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ या सुखात्मिकेवर बोलपट निघाला. शेक्सपिअरच्या नाटकावरील हा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट होय. मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या त्या काळच्या विख्यात पतिपत्नींनी त्यात प्रमुख भूमिका केल्या. एका तापट तरुणीला तिचा नवरा कसा वठणीवर आणतो, याची ही कथा आहे. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी हेच नाटक ‘त्राटिका’ या नावाने मराठीत आणले होते. नाटकाच्या शेवटी नायिका, पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे, असे एक भाषण करते. आजच्या वाचकाला ते भाषण रुचणार नाही. मेरी पिकफर्डने ते भाषण केले खरे. परंतु ते करता करता आपल्या बहिणीकडे पाहून तिने हळूच डोळा मिचकावला. एवढ्यानेच सारा अर्थ फिरला! ही स्त्री नमली नाही, नमल्याचे सोंग करीत आहे, हे प्रेक्षकांनी ओळखले. मोठ्या नाटकगृहातील शेवटच्या रांगेला अशी बारीक हालचाल दिसत नाही. कॅमेरा मात्र नटाच्या चेहऱ्याजवळ जाऊ शकतो. एकही नवा शब्द न घालता नाटकाला नवा अर्थ देण्याची शक्ती चित्रपटाच्या अंगी आहे, हे या छोट्या प्रसंगाने दिसून आले.

अरण्याचा प्रश्न मात्र अजून शिल्लक होता. तो सोडविण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न १९३५ साली झाला. त्यासाठी प्रथम ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’, म्हणजे ‘ऐन उन्हाळ्यातील रात्रीचे स्वप्न’, या नाटकाची कथा थोडक्यात पाहू.

अथेन्स नगरातील हर्मिया या तरुणीचे लायसँडरवर प्रेम असते. तिच्या बापाला मात्र जावई म्हणून डिमीट्रिअस हवा असतो. बापाची आज्ञा मोडणाऱ्या मुलीला कठोर शिक्षा देण्याचा कायदा त्या नगरात असतो. म्हणून हर्मिया आणि लायसँडर रात्री अरण्यात पळून जातात. त्यांच्या पाठोपाठ डिमीट्रिअस जातो आणि डिमीट्रिअसवर प्रेम करणारी हेलेना त्याच्या मागे जाते. त्याच अरण्यात पऱ्यांचा राजा ऑबेरॉन आणि राणी टायटेनिया यांचे भांडण जुंपलेले असते. भांडणाचे कारण एक लहान भारतीय मुलगा असतो. राणीने त्याला लळा लावलेला असतो आणि राजाला तो आपल्या सेवेत हवा असतो. राजा आपला खोडकर सेवक पक याला एका जादूच्या फुलाचा रस आणावयास सांगतो. हा रस झोपलेल्याच्या पापण्यांवर पिळला की जागे होताच जो दिसेल त्याच्यावर त्याचे प्रेम जडते. पक हा रस भलत्याच्याच डोळ्यांवर पिळतो आणि एकच गोंधळ उडतो.

याच रात्री नगरातील सहा कारागीर अरण्यात नाटकाची तालीम करण्यास जमलेले असतात. त्यांत एक सुतार, एक विणकर, एक शिंपी, एक भांडी सांधणारा, एक लोहाराचे भाते दुरुस्त करणारा आणि एक लाकडी सामान जोडणारा असतो. राजा थिसिअसच्या विवाहसमारंभात आपले नाटक व्हावे, अशी या साध्याभोळ्या माणसांची इच्छा असते. पक त्यांच्यातील बॉटम नावाच्या विणकराच्या धडावर गाढवाचे डोके बसवितो. झोपेतून उठलेली टायटेनिया राणी नेमकी त्यालाच पाहते आणि त्या गाढवमुख्यावर भाळते! पहाट होते तेव्हा सारे घोटाळे निस्तरलेले असतात. तरुण जोडपी नगरात परततात, त्यांचे विवाह होतात आणि कारागिरांचे नाटकही राजापुढे होते.

हे नाटक पडद्यावर आणणारा दिग्दर्शक मॅक्स राइनहार्ट होय. त्याचा जन्म १८७३ साली ऑस्ट्रियात, व्हिएन्ना शहराजवळ, एका यहुदी कुटुंबात झाला. बर्लिनच्या रंगभूमीवर त्याने मोठे नाव मिळविले. १९०५ साली त्याने हेच नाटक बर्लिनमध्ये फिरत्या रंगमंचावर सादर केले. रंगमंच फिरू लागला की त्यावर उभारलेले अरण्य प्रेक्षकांपुढून सरकत जाई आणि आपणच झाडीतून चालत आहो, असा त्यांना भास होई. त्यानंतर कितीतरी वेळा तो या नाटकाकडे वळला.

१९३३ साली जर्मनीत हिटलरच्या नाझी पक्षाची सत्ता आली. यहुदी कलावंतांना तेथील नाटकगृहांची, वाद्यवृंदांची आणि चित्रपटसंस्थांची दारे बंद झाली. राइनहार्टला आपली नाटकगृहे सोडून जर्मनीबाहेर पडावे लागले. आपण उभारलेली ही नाटकगृहे जर्मन जनतेच्या स्वाधीन करीत आहो, असे पत्र त्याने सरकारला धाडले. त्याच वर्षी इटलीतील फ्लॉरेन्स नगराच्या एका उद्यानात आणि इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांकडून उघड्या मैदानावर त्याने एकच नाटक बसविले. ते होते ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’. घरातून बाहेर पडावे लागलेल्या माणसांना अरण्यात आसरा मिळतो, अशी कथा सांगणारे हे नाटक आता त्याच्या स्वतःच्या आयुष्याजवळ आले होते.

१९३४ साली तो अमेरिकेत गेला. लॉस अँजेलिस शहरात टेकड्यांच्या कुशीत ‘हॉलीवुड बोल’ नावाचे एक विशाल उघडे प्रेक्षागार आहे. तेथील रंगमंचावर असलेली भली मोठी कमान राइनहार्टने काढविली, माती आणून टाकविली आणि तेथे चक्क एक अरण्य उभारले. विवाहाच्या प्रसंगी मशाली घेतलेल्या लोकांची मिरवणूक टेकडीवरून उतरत येई. हा प्रयोग पाहून वॉर्नर ब्रदर्स या चित्रपटसंस्थेने राइनहार्टकडे चित्रपटाचे काम सोपविले. राइनहार्टला इंग्रजी भाषा नीट अवगत नव्हती व बोलपटाचे तंत्रही नवे होते. म्हणून विल्यम डीटर्ले हा दुसरा दिग्दर्शक त्याच्या जोडीला देण्यात आला. डीटर्ले पूर्वी जर्मनीत राइनहार्टच्याच हाताखाली नट म्हणून घडला होता.

या चित्रपटात पकची भूमिका मिकी रूनी या मुलाने केली. हॉलीवुड बोलच्या प्रयोगातही तोच पक झाला होता. चित्रण चालू होते तेव्हा त्याचे वय अवघे चौदा वर्षांचे होते. काम अर्धवट असतानाच बर्फावर खेळताना त्याचा पाय मोडला. निर्माते काळजीत पडले. पण पकची भूमिका त्याच्याकडून काढून घेण्यात आली नाही. काही दृश्यांत त्याचा जायबंदी पाय झाडाझुडुपांआड लपविण्यात आला आणि जेथे धावण्या-उडण्याचे काम होते तेथे दुसऱ्या मुलाला दुरून दाखविण्यात आले. चित्रपट पाहताना ही गोष्ट कोणाच्या लक्षातही येत नाही. त्या मुलाचे खिदळणे तेवढे कानांत राहते. हर्मियाची भूमिका अठरा वर्षांच्या ऑलिव्हिया डी हॅव्हिलँडने केली. हॉलीवुड बोलच्या प्रयोगात ती आधी केवळ राखीव नटी होती. मुख्य नटीला येता न आल्यामुळे तिला संधी मिळाली. पुढे ती जगप्रसिद्ध झाली.

अरण्यासाठी चित्रशाळेत झाडे, वेली, शेवाळ, तळे असे भव्य नेपथ्य उभारण्यात आले. ते इतके दाट झाले की कॅमेऱ्याला पुरेसा उजेडच मिळेना! तेव्हा हॅल मोर या छायालेखकाला बोलावण्यात आले. त्याने काही फांद्या काढून झाडी विरळ केली, पानांवर ॲल्युमिनियमचा चकाकणारा रंग फवारला आणि कृत्रिम कोळिष्टके पसरून त्यांवर धातूचे बारीक कण टाकले. मग दिव्यांचा उजेड पानापानांवरून परतू लागला आणि सारे अरण्य चांदण्यात न्हाल्यासारखे दिसू लागले. चित्रपट कृष्णधवल आहे. त्यात रंग नाहीत. तरीही धुक्यातून वर चढत जाणाऱ्या पऱ्यांची रांग पाहताना रंगांची उणीव भासत नाही. शेक्सपिअरने जे अरण्य शब्दांनी उभे केले, ते हॅल मोरने प्रकाशाने उभे केले. अमेरिकेतील चित्रपटक्षेत्राचा मानाचा पुरस्कार म्हणजे ऑस्कर. त्या वर्षी छायालेखनाच्या ऑस्करसाठी ज्यांची नावे सुचविण्यात आली होती, त्यांत मोरचे नाव नव्हते. तथापि मतदारांनी ते स्वहस्ते मतपत्रिकेवर लिहिले आणि तो विजयी झाला. अशा रीतीने ऑस्कर मिळविणारा तो एकमेव मानकरी आहे.

दुसरे अरण्य संगीताचे होते. फेलिक्स मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराने १८२६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, या नाटकावर एक स्वररचना केली आणि १८४२ साली तिला आणखी संगीताची जोड दिली. पाश्चात्त्य विवाहसमारंभांत वाजणारी सुप्रसिद्ध विवाहधून याच संगीतातील आहे. चित्रपटासाठी त्या संगीताची नवी जुळणी करण्यास राइनहार्टने व्हिएन्नाहून एरिख कोर्नगोल्ड या संगीतकाराला बोलावून घेतले. जेथे अरण्याचे वर्णन करणारे संवाद गाळले, तेथे बहुधा हे संगीत आणि नृत्य ठेवण्यात आले.

मेंडेल्सनचा जन्म यहुदी कुटुंबात झाला होता. तो १८४७ सालीच निवर्तला होता. परंतु नाझी राजवटीने मृतांनाही सोडले नाही. त्याचे संगीत वाजविण्यास मज्जाव झाला. लाइपझिक नगरात, जेथे त्याने वाद्यवृंदाचे नेतृत्व केले होते, तेथील त्याचा पुतळा १९३६ साली उखडून टाकण्यात आला. मग त्याच्या संगीताने नटलेला आणि राइनहार्टने दिग्दर्शित केलेला चित्रपट जर्मनीत कसा दाखविला जाणार? त्यावर बंदी घालण्यात आली. पऱ्या, प्रेमिक आणि गाढवाचे डोके घातलेला एक विणकर यांच्या कथेत राज्य उलथून टाकण्यासारखे काहीच नव्हते. ती कोणी सांगितली, एवढेच सत्ताधाऱ्यांनी पाहिले.

हा चित्रपट निर्दोष होता, असे मात्र नाही. त्यात मूळ संवादांपैकी सुमारे अर्धेच उरले. काही नटांना शेक्सपिअरची काव्यमय भाषा नीट पेलली नाही, अशी टीका झाली. चित्रपटाला अपेक्षेइतके उत्पन्नही मिळाले नाही. नाटकात तो भारतीय मुलगा रंगमंचावर येतच नाही; त्याच्याविषयी केवळ बोलले जाते. चित्रपटात तो प्रत्यक्ष दिसतो. काहींना हे आवडते. काही म्हणतात की, न दिसणारा मुलगाच मनात अधिक सुंदर दिसत होता. दोन्ही मतांत तथ्य आहे. दाखविल्याने काही मिळते, तसे काही हरवतेही.

एका बाबतीत मात्र या चित्रपटाने नाटकाचे मर्म अचूक पकडले. बॉटमची भूमिका जेम्स कॅग्नी या नटाने केली. चित्रपटांतून दांडग्या गुन्हेगारांच्या भूमिका करण्यासाठी तो प्रसिद्ध होता. येथे त्याने एक उत्साही, भाबडा विणकर उभा केला. हे कारागीर नाटक करताना पदोपदी चुकतात. त्यांच्यातील एकजण भिंत होतो, एकजण चंद्र होतो आणि एकजण सिंह होऊन, ‘भिऊ नका, मी खरा सिंह नव्हे,’ अशा अर्थाचे बोलतो. प्रेक्षक पोट धरून हसतात. मूळ नाटकात, हे नाटक अगदीच सुमार आहे, ते पाहू नये, असे सेवक सांगत असता राजा थिसिअस ते मुद्दाम पाहतो. कारण साध्या माणसांनी मनापासून दिलेली भेट नाकारू नये, असे त्याला वाटते. कमी समजणाऱ्या माणसाला हसणे सोपे आहे. त्याच्या चुकांवर हसतानाही त्याच्या हेतूचा आदर राखणे कठीण आहे. शेक्सपिअरचे हास्य या दुसऱ्या प्रकारचे आहे. शिवाय भिंत आणि चंद्र यांना माणसे उभी करणारे हे कारागीर आणि पानांवर ॲल्युमिनियम फवारणारा हॅल मोर यांचा प्रश्न एकच होता : जे येथे नाही ते प्रेक्षकांना दाखवावे कसे?

याच्या पुढच्याच वर्षी, १९३६ साली, इंग्लंडमध्ये ‘अ‍ॅज यू लाइक इट’ या सुखात्मिकेवर चित्रपट झाला. या नाटकातही अरण्य आहे. एका ड्यूकचे राज्य त्याचा भाऊच हिरावून घेतो आणि तो ड्यूक आर्डनच्या अरण्यात राहू लागतो. पुढे त्याची कन्या रोझलिंड हिलाही राजवाड्यातून हाकलून देण्यात येते. तेव्हा ती पुरुषवेष धारण करून त्याच अरण्यात येते. ही भूमिका एलिझाबेथ बर्गनर या अभिनेत्रीने केली आणि दिग्दर्शन तिचे पती पॉल झिनर यांनी केले. बर्गनर ही जर्मन रंगभूमीवरील आघाडीची नटी होती व तिने राइनहार्टच्या हाताखालीही काम केले होते. तीही यहुदी असल्यामुळे तिला आणि झिनरला बर्लिन सोडून लंडनला यावे लागले होते. परक्या भाषेत बोलताना तिचे उच्चार काही इंग्रज टीकाकारांना खटकले. परंतु हद्दपार झालेल्या मुलीची भूमिका एक हद्दपार झालेली नटी करीत आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ते उच्चार वेगळेच काही सांगून जातात. तिच्यासमवेत नायक ऑर्लँडोची भूमिका लॉरेन्स ऑलिव्हिए या तरुण नटाने केली. शेक्सपिअरच्या नाटकावरील हा त्याचा पहिला चित्रपट. पुढे याच ऑलिव्हिएने ‘हेन्री द फिफ्थ’ आणि ‘हॅम्लेट’ हे विख्यात चित्रपट दिग्दर्शित केले.

शेक्सपिअरचा एकही मूळ शब्द न उच्चारता त्याची सुखात्मिका पडद्यावर आणता येईल काय? १९५५ साली सोव्हिएत संघातील लेनिनग्राड शहराच्या लेनफिल्म या चित्रसंस्थेने ‘ट्वेल्फ्थ नाइट’वर रशियन भाषेत चित्रपट काढला. दिग्दर्शक होता यान फ्रिड. व्हायोला आणि सेबॅस्टियन ही जुळी भावंडे गलबत फुटल्यामुळे ताटातूट होऊन एकाच किनाऱ्याला लागतात. आपला भाऊ बुडाला, असे बहिणीला वाटते आणि बहीण गेली, असे भावाला वाटते. बहीण पुरुषवेषात ड्यूक ऑर्सिनोकडे चाकरी करू लागते आणि सारे नगर तिला व तिच्या भावाला एकच समजून गोंधळात पडते. रंगभूमीवर या भूमिकांसाठी थोडेफार सारखे दिसणारे दोन नट लागतात. या चित्रपटात मात्र क्लारा लुच्को या एकाच अभिनेत्रीने बहीण आणि भाऊ अशा दोन्ही भूमिका केल्या. अशा दुहेरी भूमिकेसाठी कॅमेऱ्याची एक जुनी युक्ती आहे. फिल्मचा अर्धा भाग झाकून एका बाजूचे चित्रण करावयाचे आणि मग तीच फिल्म मागे फिरवून उरलेल्या भागावर दुसऱ्या बाजूचे चित्रण करावयाचे. मग एकच नट स्वतःसमोर उभा राहिलेला दिसतो.

लेनिनग्राड शहराला दुसऱ्या महायुद्धात, १९४१ ते १९४४ या काळात, शत्रूने जवळजवळ नऊशे दिवस वेढा घातला होता आणि त्यात लाखो माणसे उपासमारीने व थंडीने मेली होती. वेढा उठल्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी त्या शहरात हा चित्रपट तयार झाला. मेला म्हणून ज्याच्यासाठी अश्रू ढाळले तो भाऊ जिवंत समोर उभा राहतो, हा प्रसंग तेथील घराघरांत कोणत्या भावनेने पाहिला गेला असेल, याची कल्पना करता येते.

भारताशीही या सुखात्मिकांचे नाते जुने आहे. ‘द कॉमेडी ऑफ एरर्स’ या नाटकात एक नव्हे, तर जुळ्यांच्या दोन जोड्या आहेत : दोन मालक आणि त्यांचे दोन नोकर. ही कल्पना मुळात शेक्सपिअरचीही नव्हे. प्लॉटस या प्राचीन रोमन नाटककाराच्या नाटकावरून त्याने जुळ्या भावांची गोष्ट घेतली आणि नोकरांचीही जोडी करून घोटाळा दुप्पट केला. ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी १८६९ साली ही कथा ‘भ्रांतिविलास’ या नावाने बंगालीत आणली. तिच्यावर १९६३ साली बंगाली चित्रपट निघाला आणि त्यात उत्तमकुमार यांनी दुहेरी भूमिका केली. पुढे १९६८ साली ‘दो दूनी चार’ आणि १९८२ साली गुलजार यांनी दिग्दर्शित केलेला ‘अंगूर’ हे हिंदी चित्रपट याच कथेवर निघाले. ‘अंगूर’मध्ये संजीवकुमार दोन्ही मालक झाले आणि देवेन वर्मा दोन्ही नोकर. या चित्रपटाच्या शेवटी शेक्सपिअरची तसबीर दिसते आणि ती तसबीर प्रेक्षकांकडे पाहून डोळा मिचकावते. कथा रोमची, नाटक इंग्लंडचे, रूपांतर बंगालचे आणि चित्रपट हिंदी. तरी नाटककाराला आपली मालमत्ता ओळखू आली, असेच जणू ती तसबीर सांगते.

एखादे नाटक जसेच्या तसे पडद्यावर उतरविणे शक्य नाही. प्रत्येक दिग्दर्शकाला काही ठेवावे लागते व काही सोडावे लागते. मेरी पिकफर्डने शब्द ठेवले आणि एका दृष्टिक्षेपाने त्यांचा अर्थ फिरविला. राइनहार्टने पुष्कळ शब्द सोडले आणि त्यांच्या जागी प्रकाश व संगीत आणले. फ्रिडने भाषा बदलली. गुलजार यांनी भाषेबरोबर देश आणि काळही बदलले. परंतु हरवलेली माणसे अखेरीस एकमेकांना सापडतात, हा सुखात्मिकेचा गाभा यांपैकी कोणीही सोडला नाही. म्हणूनच हे चित्रपट पाहताना आजही हसू येते आणि शेवटी डोळे किंचित ओले होतात.

नाटकातील माणसांना घर मिळते. नाटक करणाऱ्यांना ते मिळतेच असे नाही. १९३८ साली नाझी जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला, तेव्हा साल्झबुर्ग येथील राइनहार्टचा वाडाही जप्त झाला. त्याच वर्षी त्याने हॉलीवुडमध्ये तरुण नटांना शिकविण्यासाठी एक कार्यशाळा सुरू केली. १९४३ साली न्यूयॉर्क येथे तो मरण पावला. युद्ध संपलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. १९३५ चा तो चित्रपट हा त्याचा एकमेव बोलपट ठरला. चित्रपटावरील बंदी, ती घालणारी राजवट आणि त्या राजवटीचा डामडौल हे सारे इतिहासजमा झाले. चौदा वर्षांचा पक मात्र त्या चांदण्या अरण्यात अजून खिदळत आहे.

शब्दार्थ

देशोधडीला लावणे : घरादारावाचून वणवण करावयास लावणे
नेपथ्य : रंगमंचावरील किंवा चित्रशाळेतील देखाव्याची मांडणी
छायालेखक : चित्रपटाचे चित्रण करणारा कलावंत
जायबंदी : जखमी झालेला, निकामी झालेला
मज्जाव : मनाई
हद्दपार : देशाबाहेर घालविलेला
डामडौल : थाटमाट, दिखाऊ वैभव

अभ्यास

१. शेक्सपिअरच्या काळी रंगमंचावर अरण्य व रात्र कशी दाखवीत?
२. मेरी पिकफर्डच्या एका कृतीने नायिकेच्या भाषणाचा अर्थ कसा बदलला?
३. हॅल मोरने अरण्यातील उजेडाची अडचण कशी दूर केली?
४. राइनहार्टच्या चित्रपटावर जर्मनीत बंदी का घालण्यात आली? ती योग्य होती काय? कारणे देऊन लिहा.
५. ‘दाखविल्याने काही मिळते, तसे काही हरवतेही.’ हे विधान भारतीय मुलाच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
६. वर्गात मोडक्यातोडक्या शब्दांत नाटक करणाऱ्या मुलाशी इतरांनी कसे वागावे? थिसिअस राजाच्या वर्तनावरून आपले मत मांडा.
७. तुमच्या आवडीच्या एखाद्या गोष्टीतील एक प्रसंग निवडा. तो प्रथम केवळ शब्दांनी सांगा. नंतर तोच प्रसंग एकही शब्द न उच्चारता अभिनयाने दाखवा. काय सोपे गेले व काय अवघड गेले, ते दहा ओळींत लिहा.